पानभुंगेऱ्यांचं कुळ कसं ओळखायचं, आणि ओळखून शिवारात काय उपयोग?

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या शिक्षकांनी चार फोटो पाठवले आहेत. काकडीच्या वेलावरचा तांबडा किडा, रताळ्याच्या पानावरचा सोनेरी, भातावरचा निळा आणि काँग्रेस गवतावरचा पट्टेरी. चौघेही एकाच कुळातले आहेत असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांचा प्रश्न असा, की दिसायला इतके निराळे किडे एका कुळात बसतात कसे, हे वर्गीकरण करतात कशावरून, आणि तो पट्टेरी किडा म्हणजे बटाट्यावरचा परदेशी कोलोरॅडो भुंगेरा तर नव्हे?

सर, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बेळगाव भागात बटाटा करणाऱ्यांच्या पोटात त्या नावानंच गोळा येतो. तो कोलोरॅडो नाही. कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या पिवळ्या पाठीवर दहा सरळ काळ्या रेघा असतात, प्रत्येक पंखकवचावर पाच, आणि तो अजून भारतात स्थिरावलेला नाही. तुमच्या फोटोतला आहे झायगोग्रामा बायकलरॅटा. पाठ मळकट पांढरी, त्यावर वेड्यावाकड्या तपकिरी रेघा. गाजरगवत, म्हणजे हेच काँग्रेस, १९५५ साली पुण्यात नजरेत भरलं, पुढं ते कुणालाच आवरेना, तेव्हा त्याच्यावर जगणारा हा भुंगेरा मेक्सिकोतून मुद्दाम आणला गेला आणि १९८४ मध्ये बेंगळुरूत सोडला गेला. पहिल्या दमदार पावसानंतर तो जमिनीतून वर येतो, काँग्रेसच्या पानांखाली अंडी घालतो, अळ्या कोवळे शेंडे फस्त करतात आणि कोषात जायला पुन्हा मातीत उतरतात. पावसाळा सरला की प्रौढ भुंगेरे मातीत शिरून पुढच्या पावसापर्यंत झोपून राहतात.

त्याची एक बदनामीही झालेली आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात काही ठिकाणी तो सूर्यफुलाची पानं खाताना दिसला आणि मोठा गदारोळ उडाला. तपासात निघालं ते असं, की शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडत होते आणि त्या वासानं तो फसत होता. सूर्यफुलावर त्याची वंशवेल पुढे चालत नाही. तेव्हा मुलांना सांगा, हा दिसला तर चिरडू नका. मात्र त्याच्या जिवावर काँग्रेस संपेल या भरवशावरही राहू नका. तो गवत पार बोडकं करतो, पण तोवर अर्ध्याअधिक झाडांचं बी पडून गेलेलं असतं.

कोलोरॅडोचा आणि याचा घोटाळा होतो त्याला कारण आहे. दोघे क्रायसोमेलिनी या एकाच उपकुळातले, आणि त्यातही जवळच्या भाऊबंदकीतले. इथून वर्गीकरणाकडे वळू.

पानभुंगेऱ्यांचं कुळ क्रायसोमेलिडी. १८०२ मध्ये लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते मांडलं. आज त्यात जगभरच्या ३५ हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. ओळखायची खूण पायात आहे. दहापट भिंग घ्या आणि कुठल्याही पायाच्या तळव्याचे सांधे मोजा. चार दिसतील. खरे असतात पाच, पण चौथा इतका बारीक असतो की तिसऱ्याच्या दोन फाकांमध्ये दडून जातो. लेडीबर्डच्या पायात हीच मोजणी तीनवर थांबते. त्यामुळे वांग्याच्या पानाची जाळी करणारा ठिपकेवाला एपिलॅक्ना पानं खात असला तरी पानभुंगेरा नाही, तो लेडीबर्डच्या कुळातला. उलट मावा खाणाऱ्या लेडीबर्डसारखा गोल, ठिपकेदार दिसणारा एखादा खरा पानभुंगेराही तुम्हाला भेटेल. पाठीच्या नक्षीवर विश्वास ठेवू नका.

अर्थात चार सांध्यांचा तळवा एकट्या पानभुंगेऱ्यांचा नाही. लांब मिशांचे, खोडं पोखरणारे सेरँबिसिडी आणि सोंडेवाले सोंडकिडेही तसेच. सोंड दिसली तर प्रश्नच मिटला. लांबमिश्यांच्या मिशा बहुधा अंगाइतक्या किंवा त्याहून मोठ्या असतात आणि डोळा मिशीच्या मुळाशी कापल्यासारखा आत गेलेला असतो. हे दोन गट बाजूला काढले की आपल्या शेतात चार सांध्यांचे जे उरतात ते बहुतेक पानभुंगेरेच.

आता कुळाच्या आतली विभागणी. सध्या साधारण बारा उपकुळं मानतात. परीक्षेसाठी ती पाठ करण्यात मला काडीचा रस नाही. इतकी वर्षं शेतकऱ्यांच्या बांधावर उभं राहून मला एकच गोष्ट उपयोगाची वाटली. उपकुळ कळलं, की अळी कुठं असेल ते कळतं. प्रौढ भुंगेरे बहुतेक पानावर दिसतात, पण त्यांच्या अळ्यांचे पत्ते वेगळे. कुणाची मुळाशी, कुणाची पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये, कुणाची दाण्याच्या पोटात. आणि बंदोबस्त करायचा तो बहुधा अळीच्या पत्त्यावर.

तुमचा तांबडा भुंगेरा घ्या. ऑलॅकोफोरा फोव्हिकोलिस, उपकुळ गॅलेरुसिनी. भिंगाखाली पाहिलं तर दोन्ही मिशा कपाळावर अगदी जवळजवळ उगवलेल्या दिसतील आणि पंखकवचं मऊसर लागतील. क्रायसोमेलिनींच्या मिशा एकमेकींपासून दूर असतात. या तांबड्याची मादी वेलाच्या बुडाशी ओलसर मातीत अंडी घालते. अळ्या मुळं खातात, भुईला टेकलेल्या फळातही खालून शिरतात. लोक पानांवर औषध मारत बसतात, आणि पुढची पिढी मातीत आरामात वाढत असते. म्हणून वेल काढल्यावर रान खोल नांगरून अंडी-अळ्या उन्हात उघड्या पाडणं हे खरं काम. दुसरं, वेल दोन ते चार पानांवर असताना राखण करा. बीदलांची पानं गेली तर वेल गेला, पुढे मोठ्या वेलाला थोडी भोकं पडली तरी तो ती पचवतो. पहाटे भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. परसातल्या पाच-दहा वेलांना तेवढं पुरतं.

या भुंगेऱ्याची खाण्याची रीत मुलांना जरूर दाखवा. भोपळ्याच्या पानावर तो आधी स्वतःभोवती गोल चर कुरतडतो आणि मग आतला भाग खातो. काकडीवर्गातल्या वेलांत कुकुरबिटासिन नावाचे कडूजहर पदार्थ असतात. पान जखमी झालं की तो रस जखमेकडे धावतो. चर पाडला की रसाची वाट तुटते. पानावरची वाटोळी भोकं त्यातूनच येतात. गंमत म्हणजे जो कडूपणा इतर किड्यांना दूर ठेवतो, तोच या गटाला वेलापर्यंत ओढून आणतो.

भातावरचा निळा. खानापूरच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, दोन निळे भेटतात आणि लोक दोघांना एकच समजतात. एकाच्या अंगावर काटे असतात, तो हिस्पा, म्हणजे डिक्लाडिस्पा आर्मिजेरा. दुसरा लांबट, गुळगुळीत, बिनकाट्यांचा, तो लेप्टिस्पा पिग्मिया. तुमच्या फोटोत काटे नाहीत आणि पान लांबीत वळलेलं आहे, म्हणजे हा लेप्टिस्पा. दोघांचं उपकुळ कॅसिडिनी, पण जगणं वेगळं. हिस्पाची अळी पानाच्या पापुद्र्यांमध्ये पोखरत राहते, बाहेरून फक्त फिकट फोड दिसतो. प्रौढ हिस्पा वरून हिरवा गर खरवडतो आणि पानावर शिरांना समांतर पांढऱ्या रेघा उमटतात. लेप्टिस्पात अळी आणि प्रौढ दोघेही उघड्यावर, पानाच्या वरच्या अंगाला खरवडत बसतात. त्या खरवडण्यानंच पान आत वळतं आणि त्यांना आडोसा मिळतो.

या वळलेल्या पानावरून कितीतरी जण पानं गुंडाळणाऱ्या अळीचं औषध घेऊन येतात. पान अलगद उलगडून पाहा. सुरळी करणारी अळी पतंगाची असते, ती पानाच्या कडा रेशमाच्या धाग्यांनी टाचते. लेप्टिस्पाच्या पानात धागा सापडत नाही. हिस्पाचा उपाय आणखी निराळा. त्याची अंडी बऱ्याचदा रोपांच्या शेंड्याकडे असतात, म्हणून लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करायची जुनी शिफारस आहे आणि ती चालते. युरियाचा मारा मात्र आवरा. हिरव्यागार, लुसलुशीत भातावर हिस्पा तुटून पडतो.

आता सोनेरी. हाही कॅसिडिनीच! पूर्वी काटेरी हिस्पांचं उपकुळ वेगळं आणि कासवभुंगेऱ्यांचं वेगळं होतं. अळ्यांची आणि प्रौढांची रचना नीट तपासल्यावर दोन्ही एकाच उपकुळात घालण्यात आले. तुमचा किडा ॲस्पिडिमॉर्फा गटातला दिसतो. पंखकवचांच्या आणि मानेच्या कडा पसरट, पारदर्शक, डोकं पूर्ण झाकलेलं. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत रताळी भरपूर, त्यामुळे हे किडे इथं पाहायला कष्ट पडत नाहीत, बेशरमीच्या आणि रानटी गारवेलीच्या पानांवरही असतात. सोनेरी रंग हा रंगद्रव्याचा नाही. कवचातल्या एकावर एक असलेल्या पातळ, ओलसर थरांवरून प्रकाश परततो, त्यातून ती झळाळी येते. किडा मेला, कवच सुकलं, की सोनं जातं आणि उरतो मातकट तपकिरी ठिपका. म्हणून यांचा फोटो जिवंतपणीच काढा. संग्रहाच्या पेटीत ठेवलेला किडा पाहून मुलं हमखास विचारतात की हा तोच का.

त्याची अळी मला प्रौढापेक्षा जास्त आवडते. अंगभर काटे, आणि शेपटीला दोन टोकांचा काटा. प्रत्येक वेळी कात टाकली की जुनी कात ती त्या काट्यावर अडकवून ठेवते, त्यावर स्वतःची विष्ठा चढवते, आणि भात लावणारी बाई इरलं घेते तसं ते सगळं पाठीवर घेऊन फिरते. मुंगी जवळ आली की ते इरलं तिच्या बाजूला वळवते. गवताच्या काडीनं हळूच डिवचून पाहा, लगेच दिसेल. या भोकांसाठी रताळ्यावर औषध मारू नका. पानं कुरतडलेली दिसतात, पण कंदाला सहसा फरक पडत नाही. रताळ्याचा खरा वैरी आहे कंद पोखरणारा सोंडकिडा, आणि तो या कुळातला नाही.

मुलांना सगळ्यात जास्त मजा येईल ती उड्या मारणाऱ्यांची. मुळ्याच्या, मोहरीच्या, कोबीच्या रोपांवर सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडणारे बारीक काळे भुंगेरे, हात नेला की टुणकन उडतात. हे अल्टिसिनी. त्यांच्या मागच्या मांडीत एक वळलेला, कडक स्प्रिंगसारखा अवयव असतो. त्याचं वर्णन १९२९ मध्ये समरेंद्र मौलिक या भारतीय शास्त्रज्ञानं केलं, आणि आजही त्याला मौलिकचा अवयव म्हणतात. आपल्या देशातल्या हिस्पा, कासवभुंगेरे, गॅलेरुसिनी आणि उड्या मारणाऱ्या गटांवरचे जाडजूड ग्रंथही त्यांचेच, १९१९, १९२६ आणि १९३६ मधले. अल्टिसिनी हे स्वतंत्र उपकुळ धरायचं की गॅलेरुसिनींमधला एक गट, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. डीएनए अभ्यासानंतर गॅलेरुसिनींतच ठेवण्याकडे कल जास्त. शेतकऱ्याला त्यानं फरक पडत नाही.

फरक पडतो तो अथणीकडे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला पाऊस थांबत नाही आणि पूर्वेला अथणी, रायबागकडे टँकर लागतात. त्या कोरड्या बाजूला द्राक्षबागा आहेत. छाटणीनंतर डोळे फुगू लागले की उडद्या भुंगेरा येतो आणि फुटीआधीच डोळे कुरतडतो. एक डोळा गेला म्हणजे एक काडी गेली, घडासकट. पुस्तकात त्यालाही फ्ली बीटल, म्हणजे पिसूभुंगेरा लिहितात, पण मौलिकचा अवयव त्याच्या मांडीत नाही. तो स्केलोडोंटा स्ट्रिगिकोलिस, उपकुळ युमोल्पिनी. मिशा दूर दूर, अंग तांबूस चमकदार, हात लावला की खाली पडून मेल्याचं सोंग. मादी खोडाच्या सुटलेल्या सालीखाली अंडी घालते, अळ्या मातीत पडून मुळं खातात, प्रौढ पुन्हा सालीखालीच दडतात. पत्ता कळला की उपाय आपोआप सुचतो. सुटी साल काढून जाळायची आणि डोळे फुगताना बागेत रोज फेरी मारायची.

युमोल्पिनींचा एक निरुपद्रवी नातेवाईक रस्त्याकडेच्या रुईवर मिळेल, प्लॅटिकोरायनस. निळा-जांभळा, धातूसारखा झळझळीत. रुईचा विषारी चीक त्याला पचतो. फोटोसाठी यासारखा किडा नाही.

आणि एक उपकुळ तुमच्या स्वयंपाकघरात आहे. हुलगे, मूग, चवळी, जवारी मसूर यांना लागणारा भुंगा, कॅलोसोब्रुकस. पानाला तोंडही लावत नाही, तरी पानभुंगेराच. पूर्वी त्याचं कुळ वेगळं धरत, आता ब्रुकिनी हे उपकुळ. मादी दाण्यावर किंवा शेतातच शेंगेवर पांढरं, बारीक टिकलीसारखं अंडं चिकटवते, अळी थेट दाण्यात शिरते, आतच कोष करते आणि प्रौढ गोल झाकण उघडून बाहेर पडतो. भोक दिसलं म्हणजे किडा गेलेला असतो, त्यामुळे भोकं पाहून डबा उन्हात टाकणं हे उशिराचं शहाणपण. धान्य भरण्याआधीच कडक वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. तेलानं अंडी गुदमरतात, आमच्या आज्ज्या एरंडेल चोळत ते यासाठीच. या ब्रुकिनींचे सगळ्यात जवळचे नातलग कोण, तर सॅग्रिनी, पश्चिम घाटाच्या रानात मिळणारे मोठे, चमकदार, बेडकासारख्या जाड मांड्यांचे भुंगेरे. त्यांच्या अळ्या शेंगवर्गीय वेलींच्या खोडात गाठी करून राहतात. आकारात जमीन-अस्मानाचा फरक, पण मागच्या जाड मांड्या आणि शेंगवर्गाची ओढ दोघांतही आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. क्रिप्टोसेफॅलिनींची मादी प्रत्येक अंड्याला विष्ठेचं कवच चढवते, अळी तेच कवच वाढवत त्यातच राहते, काहींच्या अळ्या तर मुंग्यांच्या वारुळात. क्रायोसेरिनी मान अरुंद असलेले, हातात धरले तर किरकिरतात, त्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या ओल्या विष्ठेनं लडबडलेल्या. डोनेसिनी पाण्यातल्या वनस्पतींवर, कमळाच्या तळ्याकाठी शोधा. मोनोलेप्टा हा गॅलेरुसिनी मात्र कुठंही भेटेल, मका असो की काजूची कोवळी पालवी. त्याच्या थव्यापुढं आधी झाड ओळखा हा माझा सल्ला थोडा लंगडा पडतो.

तो सल्ला असा. किडा दिसला की आधी झाड ओळखून लिहा. बहुतेक पानभुंगेरे एका वनस्पतीला किंवा तिच्या जवळच्या नात्यातल्या वनस्पतींना बांधलेले असतात. मला नुसता किड्याचा फोटो आला तर उपकुळाच्या पुढं जाताना अडखळायला होतं. झाडाचं नाव सोबत असेल तर निम्मं काम झालेलं असतं. जातीपर्यंत नेमकं पोचायचं तर नराचं जननेंद्रिय सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. ते शाळेत होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही.

आपला भाग या अभ्यासाच्या नकाशावर नवा नाही, हेही मुलांना सांगा. मार्टिन जॅकोबी हा मूळचा जर्मन, इंग्लंडात वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवून पोट भरणारा माणूस, आणि पानभुंगेऱ्यांचा त्या काळचा मोठा जाणकार. अँड्र्यूज नावाच्या संग्राहकानं बेळगाव आणि उत्तर कानडाकडून पाठवलेले किडे त्याच्या टेबलावर गेले. १९०८ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या भारतीय पानभुंगेऱ्यांवरच्या ग्रंथात कितीतरी जातींपुढं ठिकाण म्हणून बेळगाव छापलेलं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं मिळालेल्या त्या जाती आज कुठल्या झाडावर जगतात, अळी कुठं राहते, यातलं पुष्कळ कुणी लिहिलेलंच नाही. व्हायोलिनवाल्याकडे सुकलेले किडे होते, झाडं नव्हती. तुमच्या मुलांकडे झाडं आहेत.

कामाला लागताना एवढं सांभाळा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत काहीही पकडायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. शाळेचं आवार, बांध, परसबाग एवढं पुरे आहे. प्रत्येक किड्याचे तीन फोटो घ्या: वरून, समोरून मिशांची मुळं दिसतील असा, आणि खालून पाय दिसतील असा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. चौथा फोटो झाडाचा, फुलासकट. एखादा मेलेला सापडला तर कागदाच्या पुडीत सुकवा आणि चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड लिहा. चिठ्ठी नसलेला किडा कुठल्याच संग्रहालयाच्या कामाचा नाही. अळी सापडली तर तिला त्याच झाडाच्या पानांवर बरणीत वाढवा, तळाशी दोन बोटं ओलसर माती घाला, कारण बऱ्याच जणी कोषाला मातीत उतरतात. अळीपासून प्रौढापर्यंतची अशी नोंद झाली आणि नाव लागेना, तर बेंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था किंवा पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र इथं विचारता येईल. भातावरच्या लेप्टिस्पाची अळी जमली तर आधी मला दाखवा.